मेस्तीना का थांबली

मी, झकेयू न्यासुलू, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा सुतारकाम, चिंगोलीच्या ख्रिस्ती मंडळीत अडतीस वर्षे वडील, म्हणजे कारभार पाहणारा ज्येष्ठ, म्हणून सेवेत, राहणार चिंगोली, जिल्हा म्झिम्बा, मलावी, माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवतो. पोटातल्या गाठीने शरीर खंगले आहे, डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. धाकटा भाऊ लेवी याने दडपण आणून पाहिले, त्याचा खुलासा खाली आहे.

एक. राहते घर व मागचे मक्याचे शेत माझी पत्नी मेस्तीना हिच्या एकटीच्या मालकीचे राहील. आमच्यात नवऱ्यामागे घर भाऊबंदांकडे जाते. हे जाणार नाही. तिने ते ठेवावे, विकावे किंवा पाडावे. कोणाला विचारू नये.

दोन. करवती, रंधे व इतर हत्यारे शेजारचे सुतार गिडियन यांना द्यावीत. माझी मोठी पटाशी त्यांनी सात वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेली होती. तीही आता त्यांचीच.

तीन. बैलजोडी लेवीला. घर नाही. गेल्या महिन्यात तो येऊन म्हणाला, "दादा, घर माझ्या नावावर कर. नाहीतर त्या चिठ्ठीचं मंडळीत सांगेन." चिठ्ठीचे मीच सांगतो. त्याने धमकी दिली नसती तर सांगितले असते का, हे मला ठाऊक नाही.

चार. लग्नाआधी मेस्तीना दवाखान्यात परिचारिका होती. ते काम मी सोडायला लावले. नवरा हा घराचे मस्तक, बायकोने त्याच्या शब्दात राहावे, हे मी मंडळीत शिकवीत होतो. माझ्याच घरात वेगळे कसे चालणार? आमची एकुलती एक मुलगी तवोंगा तान्ही असताना मेस्तीनाने मला न विचारता बैलगाडी जुंपून तिला दवाखान्यात नेले होते. पोर बरी झाली. तरी मी मेस्तीनाला मंडळीच्या सर्व वडिलांसमोर उभे करून माफी मागायला लावली.

तवोंगा अकरा वर्षांची असताना, १९७९ च्या फेब्रुवारीत, मी मंडळ्यांच्या सभेला तालुक्याला गेलो होतो. लेवी सायकलवरून मेस्तीनाची चिठ्ठी घेऊन आला. पोरीला ताप आहे, मान ताठ झाली आहे, नेऊ का, एवढेच तीत होते. दुसऱ्या दिवशी ख्रिस्ती कुटुंबावर माझे भाषण होते. मी लेवीला म्हणालो, "मी परवा येतोच आहे. तोवर थांब म्हणावं तिला."

ती थांबली. तो ताप कसला, हे तिला माझ्यापेक्षा चांगले कळत होते.

मी पोहोचलो तेव्हा अंगणात माणसे बसलेली होती. सर्वांसमक्ष मी तिला विचारले, "दवाखान्यात काम केलेली बाई तू. पोरीला नेलं का नाहीस?" तिने लेवीकडे पाहिले. लेवी खाली बघत राहिला. तिने चिठ्ठीचे नाव काढले नाही. पोर मरेपर्यंत हातावर हात ठेवून बसलेली आई, असे गावाने तिला बत्तीस वर्षे म्हटले आणि मी म्हणू दिले. पूर्वी ती मला तवोंगाचे बाबा म्हणायची. त्या दिवसापासून मंडळी म्हणते तसे वडील म्हणू लागली. जेवताना हातावर पाणी घालायला मात्र रोज गुडघे टेकत राहिली.

पाच. हा कागद माझ्या दफनानंतरच्या रविवारी पाळकांनी मंडळीपुढे वाचावा. एक शब्दही गाळू नये.

हे सारे मी आज, शनिवारी, मेस्तीनाला वाचून दाखवले. ती भुईमूग सोलत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मेल्यावर का?"

मी म्हणालो, तेव्हा कोणी मला काही विचारू शकणार नाही.

"मला बत्तीस वर्षं विचारत होते," ती म्हणाली. "उद्या रविवार आहे. तुम्हीच वाचा."

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला काही करायला सांगितल्याचे आठवत नाही. मी हो म्हणालो.

पुरवणी, सोमवार. काल मंडळीत गेलो. कागद कोटाच्या खिशात होता. पाळकांनी बोलण्यासाठी माझे नाव घेतले, मी उभा राहिलो. बायकांच्या बाजूने मेस्तीना मान वर करून माझ्याकडे पाहत होती. माझ्या आजारासाठी प्रार्थना करा, एवढे बोललो आणि खाली बसलो.

घरी परतताना ती माझ्या पुढे चालत होती. असे कधी झाले नव्हते. मला दम लागत होता, अंतर वाढत गेले. तिने मागे वळून पाहिले नाही.

म्हणून पाचवे कलम कायम. जिवंतपणी संधी मिळूनही मी वाचले नाही, हेही वाचावे.

सही: झकेयू न्यासुलू

वरील मजकूर त्यांनी आम्हां दोघांसमक्ष स्वतः मोठ्याने वाचला व सही केली. वाचताना ते दोनदा थांबले. त्यानंतर आम्ही साक्ष घातली.

साक्षीदार:
१. पाळक हेझेकिया मुंथाली
२. एनीफा जेरे, महिला मंडळाच्या प्रमुख

स्थळ: चिंगोली
तारीख: ११ जुलै २०११