सगळे बर्फाचे

४ एप्रिल

हरलो. सहाच्या सहा आडवे. पोरगी एकाच प्राण्यावर जिंकली, बाकीचे पाच तिने बाहेरही काढले नाहीत!

झालं असं. सुट्टी लागल्यापासून ती तो राक्षसांच्या झुंजींचा गेम घेऊन बसते. राक्षस कसले, चित्रविचित्र प्राणीच ते. पकडायचे, वाढवायचे, दुसऱ्याच्या प्राण्यांशी लढवायचे. प्रत्येकाचा एक प्रकार – कुणी आगीचा, कुणी पाण्याचा, कुणी दगडाचा. दुकानातल्या भागीदाराकडे तो गेम पडून होता, तो मी मागून आणला आणि जेवणाच्या सुट्टीत गुपचूप शिकलो. आज धीर करून म्हटलं, एक डाव होऊन जाऊ दे.

"एकाच प्रकाराचे सहा घ्यायचे," ती म्हणाली. "आमच्यात तसंच खेळतात."

मी बर्फाचे घेतले. फ्रिज दुरुस्त करणारा माणूस दुसरं काय घेणार? तिचे निघाले आगीचे.

"आगीपुढे बर्फ," एवढंच म्हणाली आणि हसली. माझ्याकडे बघून हसली. हरल्याचं काही वाटलं नाही.

६ एप्रिल

लग्नाला वर्ष होत आलं. बायको मला अरेतुरे करते, नावाने हाक मारते, भांडते – सगळं झकास चाललंय. पोरगी मला काहीच म्हणत नाही. काका नाही, बाबा तर नाहीच. काही हवं असलं की आईला सांगते, "यांना विचार ना." आई घरात नसली की दारात उभी राहून "ऐकलंत का?" म्हणते. जुन्या काळच्या बायकोसारखी! पाचवीतली पोर.

तिचे वडील गेले तेव्हा ती नुकती चालायला लागली होती. तिच्या टेबलावर त्यांचा फोटो आहे. चांगला हसरा माणूस. त्यांची जागा मला नकोच आहे. पण मला काहीतरी म्हण की बाई. कुठलीही हाक चालेल.

बायको म्हणते, "मागे लागू नकोस. आणखी आखडेल ती." औषधांच्या दुकानात कामाला आहे, पण घरात तिचं औषध एकच – वेळ.

इथे लिहितानाही मी 'पोरगी'च लिहितो. लेक लिहायला हात धजत नाही.

७ एप्रिल

वाचनालयाच्या हॉलमध्ये महिनाअखेर या गेमची स्पर्धा आहे. जोडीने खेळायचं – एक मूल आणि घरातलं एक मोठं माणूस. दोघांनीही आपापला एकच प्रकार धरायचा.

पोरीने जाहिरातीचा कागद आणून फ्रिजच्या दारावर लावला. बायको म्हणाली, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." मी टोस्ट चावत बसलो. एवढा आवाज होतो टोस्टचा, आज कळलं.

८ एप्रिल

सकाळी बूट घालताना तिने विचारलं, "बर्फाचेच घेणार का तुम्ही?"

घेणार का! म्हणजे जोडीला धरलंय मला. दिवसभर दुकानात शीळ घालत होतो. भागीदार म्हणाला, लॉटरी लागली की काय.

११ एप्रिल

सहा जण ठरले. नावं मी ठेवली, सगळी फ्रिजमधली – कॉम्प्रेसर, गॅसकेट, थर्मोकोल, बर्फाचा ट्रे, खालचा कप्पा आणि डीफ्रॉस्ट. पोरीने यादी वाचली आणि पोट धरून हसली. "हे काय, दुकान काढलंय का?" म्हणाली.

मग मात्र मास्तरीणबाई झाली. बर्फाला आग, दगड, लोखंड सगळेच भारी पडतात म्हणे. म्हणून नुसत्या बर्फाच्या चाली शिकवून भागत नाही. गॅसकेटला पाण्याची चाल शिकवायला लावली, आगीवाले आले तर विझवायला. कॉम्प्रेसरला जमीन हादरवणारी. थर्मोकोल दिसतो गरीब, पण सगळ्यांच्या आधी वार करतो. मी मान डोलावत होतो. अर्धं कळलं, अर्धं तिच्या तोंडाकडे बघण्यात गेलं.

१२ एप्रिल

ट्रेला हाकलायला सांगितलं. कुचकामी आहे म्हणे. मी ऐकलं नाही. राहू दे बिचारा.

१५ एप्रिल

आज चिडली. माझंच चुकलं, पण मला ते चूक वाटतच नव्हतं!

माझ्या एखाद्या प्राण्याला वार लागला की मी त्याला परत बोलावतो, दुसऱ्याला पाठवतो. पण परत बोलावलं की आपली पाळी फुकट जाते. समोरचा तेवढ्यात नव्यालाही ठोकतो. असं करत सगळेच अर्धमेले झाले.

"सारखं सारखं परत का बोलावता?"

म्हटलं, अगं, तापलाय तो. थोडा थंड होऊ दे. आमच्यात फ्रिज बंद केला की तीन मिनिटं थांबायचं असतं, लगेच चालू केला तर कॉम्प्रेसरवर ताण येतो. वीस वर्षं हात तेच करतोय.

"ते फ्रिज नाहीयेत!" गेम ठेवून आत निघून गेली.

बायको माझ्याकडे बघत होती. म्हटलं, काही बोलू नकोस.

१६ एप्रिल

आज सराव नाही. स्पर्धेसाठी माझ्याऐवजी उद्या मामाला विचारणार, असं आईला म्हणत होती. भिंती पातळ आहेत. वाईट वाटलं. मामा चांगला आहे, पटकन शिकेल. त्याला ती मामा म्हणते.

१७ एप्रिल

मामाला विचारलं की नाही, कळलं नाही. मीही विचारलं नाही.

२० एप्रिल

चार दिवस मूग गिळून बसलो होतो. आज दुकानातून आलो तर दारातच, "ऐकलंत का? तुमचा गेम आणा."

गेमातून गेमात प्राणी देता येतो. तिने एक पाठवला. जाडजूड, अंगभर लोकर, डोळे दिसतच नाहीत. प्रकार बर्फाचा.

"हा परत बोलावला की आपोआप बरा होतो," ती म्हणाली. पडद्याकडेच बघत होती. "थोडा थोडा. मग पुन्हा पाठवायचा. तुम्हाला ती सवय लागलीये ना, म्हणून. असा पकडायला जाम वेळ लागतो."

म्हणजे चार दिवस हे चाललं होतं! मी समजत होतो, रुसलीये.

नाव तिनेच ठेवून दिलंय – 'तीनमिनिटं'. मला बदलता येत नाही. ज्याने पकडला त्यालाच नाव बदलता येतं म्हणे. मला कुठे बदलायचंय?

बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. बायको म्हणाली, "एवढा वेळ?" म्हटलं, साबण गेला डोळ्यात.

२१ एप्रिल

तीनमिनिटंला जागा करायला ट्रेला घरी बसवलं. त्याची क्षमा मागितली. पोरगी म्हणाली, गेममधल्याला कळत नाही. तरी.

२७ एप्रिल

स्पर्धा झाली.

हॉलमध्ये हा गोंगाट. पहिल्याच फेरीत आमच्यापुढे एक पोस्टमन आणि त्याची पुतणी. दोघांचे सगळे दगडाचे. आमच्याकडे आग आणि बर्फ – दगड दोघांनाही फोडतो. पोरगी म्हणाली, "संपलं आपलं."

म्हटलं, बघू.

मी तीनमिनिटंला पाठवला. मार खाल्ला, बोलावला. गॅसकेट गेली, पाणी मारून आली. तोवर तीनमिनिटं बरा. पुन्हा पाठवला. पुन्हा बोलावला. पोस्टमन वैतागला, "अहो, लढायला आलात की येरझाऱ्या घालायला?" तेवढ्यात पोरीच्या एका शेपटीवाल्या प्राण्याने आपली ताकद वाढवून घेतली. त्यांचा एकेक जण झिजत गेला.

शेवटी तीनमिनिटंवर वार येणार होता आणि माझं लक्ष नव्हतं. तिला दिसलं. तिने मला हाक मारायला तोंड उघडलं – आणि तसंच राहिलं. काय म्हणायचं तेच नव्हतं तिच्याकडे. शेवटी माझी बाही ओढली, "परत! परत बोलवा!" बोलावला. वाचला. पुढच्या चालीत जिंकलो.

दुसऱ्या फेरीत लोखंडवाल्यांनी आमचा भुगा केला. पण पहिली फेरी जिंकलो आम्ही! घरी येताना ती माझ्या बाजूने चालत होती आणि सगळी झुंज पहिल्यापासून सांगत होती, जणू मी तिथे नव्हतोच.

ते तोंड उघडून थांबणं मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. असो. बाहीसुद्धा काही कमी नाही.

२९ एप्रिल

दोन वेण्या घालणारी तिची मैत्रीण आहे, त्यांच्याकडचा फ्रिज बिघडला म्हणून गेलो. दार त्या मुलीनेच उघडलं आणि आत ओरडली, "आई, तिचे बाबा आलेत! ते बर्फवाले!"

म्हटलं, कुणी सांगितलं तुला, मी तिचा बाबा म्हणून?

"तीच सांगते. शाळेत, सगळ्यांना. गेल्या वर्षीपासून. म्हणते, माझे बाबा कुठलीही गोष्ट गार करतात."

दाराच्या रबराचं गॅसकेट बदललं. फ्रिज चालू करायच्या आधी तीन मिनिटं थांबलो. जरा जास्तच थांबलो.

घरी आलो. हातपाय धुऊन बसलो तर लेक दारात. "ऐकलंत का? एक डाव?"

म्हटलं, आण.