पन्नास, सत्तर, एकशे तीस

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी डिचोलीच्या बाजारात होते. एका वर्गमैत्रिणीनं सांगितलं, मी "बरं" म्हटलं आणि भाजी घेऊन घरी आले. भेटायला आले नाही, रडू तर मुळीच आलं नाही. एवढा राग सोडून द्यायला मी काही मोठ्या मनाची नाही, हे तुम्ही जाणताच. पण आज कचेरीत एका शेताचा नकाशा जुळेना. तासभर डोकं खाल्लं आणि मग तुमचं ते शेत आठवलं.

भाषेच्या भांडणाचे दिवस होते. मराठी की कोंकणी, यावरून रस्त्यात झाडं आडवी पडत होती, बसगाड्या थांबल्या होत्या आणि शाळा आठवडाभर बंद राहणार होती. तुम्ही कोल्हापूरकडचे, मराठीसाठी हिरीरीनं सभांना जाणारे. त्या दिवशीही सभेचीच घाई होती. फळ्याकडे पाठ करून तुम्ही नववीच्या वर्गाला दहा गणितं भरभर सांगितलीत. सातवं असं होतं: एका त्रिकोणी शेताच्या बाजू पन्नास, सत्तर आणि एकशे तीस मीटर, तर क्षेत्रफळ काढा.

सूत्रात आकडे घातले तर वर्गमुळाखाली उणे येतं. मला वाटलं, माझंच चुकलं. आईच्या नव्या झाडूतले तीन हीर ओढून काढले (त्याबद्दल पाठीत धपाटाही खाल्ला) आणि पाच, सात, तेरा बोटं असे मोडून सोप्यावर मांडले. लांब हीर खाली ठेवला की वरचे दोन एकमेकांना भेटतच नाहीत, मध्ये बोटभर फट राहते. बाबा सर्वणच्या शेतातून चिखलाच्या पायांनी आलेले. वाकून बघतात आणि हसतात. "हें शेत खंय आसा गो? तीन मेरो मेळनात जाल्यार उदक खंय रावतलें?" शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला एका नजरेत कळलं, सर. मेरा, म्हणजे शेताचे बांध, जुळल्या नाहीत तर पाणी ठरत नाही आणि पाणी ठरलं नाही तर ते शेत नव्हे. मी वहीत लिहिलं, असं शेत असूच शकत नाही.

शाळा उघडली. उरलेल्या सगळ्या वर्गाचं उत्तर एकच, सोळाशे पाच पूर्णांक काहीतरी. कारण तुमची शिकवण पक्की होती: मोठ्यातून लहान वजा करायचं. बाजूंच्या बेरजेचं निम्मं एकशे पंचवीस, त्यातून एकशे तीस जात नाही ना, मग उलटं करा. तुम्हीही फळ्यावर तेच केलंत. माझी वही हातात घेऊन मोठ्यानं वाचलीत. "लई शहाणी झालीस व्हय? बाप मोजणीदार हाय काय तुझा?" वर्ग हसला. मी दप्तरातले हीर काढले आणि म्हटलं, "सर, मांडून दाखवू?"

बाबांची एक अट होती, ती तुम्हालाही ठाऊक होती. "मास्तरान म्हळ्यार साखळे धाडटलों, ना जाल्यार दहावी पुरो." साखळीचं कॉलेज, माझं पुढचं सगळं शिक्षण, तुमच्या एका शब्दावर टांगलेलं होतं. तरी मी तुमच्या टेबलावर हीर मांडले. फट दिसली. तुमचे कान लाल झाले. आणि मग तुम्ही लांब हीर मोडलात, तिन्ही टोकं जुळली, वर्गाकडे बघून म्हणालात, "बघा, जुळलं." ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली, मुलांना सांगितली, कचेरीत तर दर दोन वर्षांनी सांगते. ऐकणारा प्रत्येक जण तुम्हाला नावं ठेवतो आणि मला बरं वाटतं.

पुढे गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, शाळेत पेढे वाटले. त्या दिवशी तुम्ही मला बाजूला बोलावून नवी कंपासपेटी दिलीत. बाबांना सांगितलंत, पोरगी हुशार आहे, साखळीला पाठवा. मी गेले, शिकले, भूमापनाच्या कचेरीत लागले. ती पेटी मी कधी वापरली नाही, कुणाला दिलीही नाही. तुम्ही ज्यातून गणितं सांगायचात ते जुनं पुस्तक पुढे हाती लागलं तेव्हा कळलं, त्यात तिसरी बाजू एकशे दहा होती. सभेच्या घाईत तुम्ही एकशे तीस सांगितलंत, एवढंच. "चुकलं माझं" म्हणायला काय जात होतं हो तुमचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच ना?

मूठ म्हटलं आणि हात थांबला. हे पत्र कुठे पोचायचं नाही, तर खरं लिहिते. हीर तुम्ही मोडला नाहीत. तुम्ही बराच वेळ त्या फटीकडे बघत होतात आणि हळूच एवढंच म्हणालात, "परत मांड." मला साखळीचं कॉलेज दिसत होतं. मी परत मांडताना लांब हिराचा दोन बोटं तुकडा मोडला आणि मुठीत धरला. "जुळलं, सर" हेही मीच म्हणाले. तुम्ही माझ्या मुठीकडे पाहिलंत, मग वर्गाकडे, आणि खडू उचललात. घरी बाबांनी शेत जुळलं का म्हणून विचारलं, "मेळ्ळें मगो शेत?" मी म्हटलं, "मेळ्ळें." ते पाय धुवायला गेले.

तुमच्यावरचा राग अजून आहे, सर. पण कदाचित तुम्हाला ती फट खरंच पुन्हा बघायची होती. मी बघू दिली नाही.