पाकळीची ऊब

३ फेब्रुवारी
आलो एकदाच्या! ह्यांची बदली होईपर्यंत इथे मी आणि माझी सहा वर्षांची बिट्टी, दोघीच. खाली घरमालकीण बाईंचं फुलांचं दुकान, वर आमची खोली. बाई फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची, फुलं करतात आणि मला शिकवणार आहेत. माझ्या हस्तकलेचा आनंदच आहे, हे आधीच सांगून टाकलं. नंतर बोलणी खायला नकोत. बिट्टी नुसती हुंदडतेय. मी फार खूश आहे.

६ फेब्रुवारी
गुलाब जमला! निदान कोबी तरी वाटत नाही. कापणं, चिकटवणं सोपं. खरी कसोटी वेगळीच. प्रत्येक पाकळी मुठीत धरून बसायचं, ऊब लागून ती आपोआप वळेपर्यंत. इस्त्रीने वळवली तर फूल मेलेलं दिसतं म्हणे. बाई स्वतः मात्र पाकळी धरत नाहीत, त्यांचे हात थंड पडलेत. वय झालं असेल. बिट्टीने गुलाबाला गाल लावला आणि तो अजून गरम आहे म्हणून ओरडली. मला वाटलं, थापा मारतेय. हात लावला तर खरंच गरम होता.

११ फेब्रुवारी
फुलं हातोहात खपताहेत. गिऱ्हाइकं ती एकदा धरली की सोडतच नाहीत. माझी बोटं मात्र सारखी गार. आज ग्लू गनचा उकळता गोंद बोटावर सांडला आणि मला पत्ताच नाही. फोड बिट्टीने दाखवला. आता हात बसला, असं म्हणून बाईंनी पाठ थोपटली.

१५ फेब्रुवारी
बिट्टी मलूल होती. ताप आहे का, म्हणून कपाळावर हात ठेवला. कळेना. गाल लावला, तरी कळेना. शेवटी तिलाच विचारलं. भीती वाटली. थोडीशीच, पूर्वी वाटायची तशी नाही. हे काम सोडायचं. उद्याच बाईंना सांगते.

१८ फेब्रुवारी
सांगितलं नाही. ह्यांचा फोन आला, आठवण येते म्हणाले. मी बरं म्हटलं. आठवण आली की छातीत काहीतरी व्हायचं — व्हायचं, एवढं ठाऊक आहे.
माझ्या मुठीत आता पाकळी वळत नाही. बाई बिट्टीचे हात हातात घेऊन बसल्या. केवढे ऊबदार, म्हणाल्या.

२० फेब्रुवारी
बिट्टी दिवसभर खाली. सुरेख फुलं झाली — माझी कधीच इतकी —
ती हुंदडत नाही आता. शहाणी झाली, म्हणतात बाई.
तिला उचलून निघायला हवं. ओरडायला हवं. सगळं कळतंय — वाटत काहीच नाही.

२१ फेब्रुवारी
समोर बसलीय. दोन्ही मुठी मिटलेल्या. ओठ निळसर. माझ्याकडे पाहतेय — नुसती पाहतेय.
मुठी उघडायच्या. पाकळ्या काढून घ्यायच्या. तिला घेऊन बाहेर पडायचं. एवढंच तर — उठते.
उजव्या मुठीतली वळत आलीय. तेवढी होऊ दे, मग लगेच