तीनशे टक्के

३ जून, मंगळवार
धाकट्या भावाचा लॅपटॉप आज उघडला. तो गेल्यावर दीड महिन्याने. आमच्या शब्दकोशाची शेवटची ऐंशी पानं राहिलीत, आणि छापखाना थांबून थांबून किती थांबणार! आजवर तो अक्षरं जुळवायचा, मी मुद्रितं तपासायचे. आता दोन्ही माझ्याच गळ्यात.

जुळणीचा जुना प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही. म्हणून त्याने लॅपटॉपच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर बसवलाय – व्हर्च्युअल मशीन. सुरू केलं तर एकेक अक्षर बोटाएवढं. अख्ख्या पडद्यावर चार ओळी! काय हा पसारा, म्हटलं.

४ जून, बुधवार
कोर्टात जाऊन आले. धाकट्याला रस्ता ओलांडताना उडवणाऱ्या ट्रकवाल्याचं तेच पालुपद – "त्यांनी माझ्याकडे बघितलं, ताई. बघूनच पाऊल टाकलं." मेला खोटारडा. माझ्या भावाची नजर घारीची होती, असं मी जबाबात लिहून दिलंय. जामीन नाही मिळाला. बसू दे आत.

६ जून, शुक्रवार
छापखान्यातल्या तंत्रज्ञाला फोन केला. "डिस्प्लेत जा, ताई. स्केलिंग, म्हणजे अक्षरं किती मोठी केलीत ते, किती आहे?" तीनशे टक्के. रेझोल्यूशनही पार खाली उतरवलेलं. तो म्हणाला, "शंभर करा, आणि रेझोल्यूशन पडद्याला जुळवून घ्या." केलं. अक्षरं कोरल्यासारखी स्वच्छ. मला चष्म्यातून सहज दिसतात. मग त्याला एवढी मोठी कशाला लागायची?

वर्षभर त्याच्या चुका वाढल्या होत्या. अनुस्वार गायब, ओळीच्या ओळी गळलेल्या. "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणून किती झाडलं मी! तो नुसता हसायचा.

९ जून, सोमवार
कामात मन लागेना. आतल्या कॉम्प्युटरची जशीच्या तशी स्थिती तो मधूनमधून जपून ठेवायचा, तारखेसकट. त्या एकेक उघडत बसले. मागच्या वर्षी मार्च – शंभर टक्के. सप्टेंबर – दीडशे. जानेवारी – दोनशे. अपघाताच्या आदल्या दिवशी – तीनशे. लॅपटॉप तोच, पडदा तोच.

एका घरात राहून मला कळलं नाही. काम जाईल या भीतीने बोलला नसेल. पण माझ्यापाशीही नाही? मी तरी कुठे बोलू दिलं त्याला. फार रडले आज.

१० जून, मंगळवार
धाकट्याने ट्रककडे बघितलं होतं. त्याला तो दिसला नव्हता.

सकाळीच वकिलांना फोन केला – मला जबाब बदलायचाय. "पुन्हा विचार करा, बाई," म्हणाले. विचार कसला करायचा? तो माणूस दीड महिना आत आहे, माझ्या शब्दावर.