खालच्या गल्लीवरचा ठपका मागे घेते

मागच्या वर्षीच्या मृत्युपत्राच्या चौथ्या कलमात मी लिहिले होते, की सांधे आखडण्याचा आजार खालच्या गल्लीतला आहे आणि तो रंगाऱ्याच्या नाल्यामुळे होतो. हे चूक आहे. ते मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे.

मी कंपाउंडरची धाकटी मुलगी, वय एकोणतीस, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तपासनीस. माझे डोके ठिकाणावर आहे. हे लिहायला मला कोणी बसवलेले नाही. उलट दोघांनी उठवून पाहिले.

१. चूक कशी झाली ते आधी. मला अक्षरओळख बाबांनी घरीच, रुग्णांच्या वहीवर करून दिली. शाळेत जाण्याआधी मला 'खोकला' लिहिता येत होते. बाबांचा नियम होता, की औषध जिथे पोचवायचे तोच पत्ता लिहायचा. त्या पत्त्यांवरून मी आजाराचा नकाशा काढला आणि दवाखान्याच्या भिंतीवर लावला. एकतीस रुग्णांचे एकतीस ठिपके, सगळे खालच्या गल्लीत पडले. पाच भाडेकरू गल्ली सोडून गेले, रंगाऱ्याकडे कापड येईनासे झाले.

या उन्हाळ्यात मी एकतीसही घरी जाऊन विचारले, "आधी कुठे राहत होता?" एकतीसही जण वरच्या गल्लीतले निघाले. गुडघे वाकेनात, वर जायच्या बासष्ट पायऱ्या चढवेनात, म्हणून ते खाली राहायला आले होते. आजार वर झाला, नोंद खाली झाली.

वर सगळे आमच्या बोअरचे पाणी पितात. चौदा वर्षांपूर्वी बाबांनी ते चारशे फुटांपर्यंत खोल नेले. त्याआधीच्या सहा वर्षांत वहीत असे दोनच रुग्ण आहेत. पाणी मी तीनदा तपासले. सांधे आखडवणारे आणि दातांवर डाग पाडणारे फ्लोराइड त्यात मर्यादेच्या तिप्पट आहे. नाल्याच्या पाण्याने हातांना खाज सुटते, तेही खरे. पण त्याची वही वेगळी आहे, ती यात मिसळू नये.

२. रंगाऱ्याची मी घरी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "माझं पाणी निळं, म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं. तुमचं दिसायला स्वच्छ आहे ना, बाई." त्यांच्या नावे काही ठेवू का, असे मी विचारले. "मला काही नको. साक्षीदार म्हणून सही करतो. माझं नाव त्या कागदावर असू दे." ज्याला काही मिळते त्याची साक्ष धरत नाहीत, म्हणून त्यांना काही दिलेले नाही.

३. वरच्या घरातला माझा अर्धा हिस्सा दादाच्या दोन्ही मुलींना समान. बँकेतली माझी ठेव मोडून वरच्या गल्लीत नळाची जोडणी घ्यावी.

४. बाबांच्या अकरा वह्या आरोग्य खात्याला. घरच्यांनी पाने फाडू नयेत. मी मोजून ठेवली आहेत.

५. लोखंडी कपाट आत्याला. चार वर्षांपूर्वी तिने मागितले तेव्हा मी दिले नाही. तिचा राग गेलेला नाही, माझाही नाही. तरी द्यावे.

६. बोअर कोणालाही नाही. ते पिण्यासाठी कायमचे बंद. दादाला हे मान्य नाही.

"बाबांनी अख्ख्या गल्लीला फुकट पाणी दिलं. तू त्यांच्या नावाला काळं फासणार?"

"दादा, तुझ्या धाकटीचे दात पाहिलेस का? पिवळे डाग आलेत."

"घासत नाही ती, दुसरं काय."

"थोरलीही घासत नाही?"

त्याने चपला घातल्या. मग म्हणाला, "तू मेल्यावर बघू."

मी तोपर्यंत थांबणार नाही. मला सध्या काहीही झालेले नाही, सकाळी पाठ जरा आखडते एवढेच, आणि मुली रोज तेच पाणी पितात. वायरमनला मोटारीची वायर तोडायला सांगितले आहे, दिवस खाली लिहिला आहे. त्याच सकाळी पाण्याचा टँकर येईल, तशी पावती माझ्याकडे आहे. मोटार बंद झाली की गल्लीला कारण मी स्वतः सांगेन, दादाला पुढे करणार नाही. भिंतीवरचा नकाशा आजच उतरवला.

लिहून देणार: कंपाउंडरची धाकटी मुलगी (सही)
साक्षीदार: १. रंगारी, खालची गल्ली (सही) २. दवाखान्यातील मोठ्या सिस्टर (सही)
ठिकाण: दवाखान्याची मागची खोली
दिनांक: बुधवार, ६ ऑक्टोबर २०१०

कलम सहाप्रमाणे मोटारीची वायर तोडण्याचा दिवस: सोमवार, ११ ऑक्टोबर, सकाळी सहा, पहिली घागर लागण्याआधी.