ल नसलेला लॅपटॉप

ती. स्व. मामांना साष्टांग नमस्कार, आणि हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या मामीलाही तितकाच, पण वेगळा. (जिथे मामांशी बोलतोय तिथे ‘तुम्ही’ आहे आणि मामी, जिथे तुझ्याशी बोलतोय तिथे ‘तू’ आहे, म्हणजे वाचताना घोटाळा व्हायचा नाही.) आम्ही इकडे ठीक. सौ.ची आखडलेली मान आता वळते, फक्त मी काही बोललो की वळत नाही. मामांचा खोकला गेला का, मामीचा गुडघा जिन्यावर अजून कुरकुरतो का, आणि शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंनी नेलेली शिडी परत केली का, हे सगळं सविस्तर कळवा. डोळ्यांबद्दल मात्र विचारत नाही. ते मागच्या पत्रातून कळलं, आणि त्याचसाठी लिहायला बसलो आहे. पण मूळ विषयाला हात घालायची हिंमत व्हायला मला एखाद-दुसरं पान लागेल, तेवढं सांभाळून घ्या.

पत्र हाताने लिहिलंय, अक्षर लावून घ्यावं लागेल. त्याचं कारण असं की माझ्या लॅपटॉपची एक कळ दोन वर्षांपूर्वी मेली, आणि नेमक्या त्याच कळीवर ल आणि ळ ही दोन्ही अक्षरं नांदत होती. मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करतो हे मामांना माहीत आहे. (मामी, तू लोकांना ‘भाचा पुस्तकं लिहितो’ असं सांगतेस, ते आता पुरे कर.) सुरुवातीला वाटलं, एका अक्षरावाचून काय अडतंय? ‘चालू करा’च्या जागी ‘सुरू करा’ लिहिलं, ‘काळजीपूर्वक’च्या जागी ‘जपून’, ‘तेल’च्या जागी ‘वंगण’. ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’ याला मात्र फार डोकं खाजवावं लागलं. ‘बाळांपासून’ही जमेना, तेव्हा शेवटी ‘पोरांपासून दूर ठेवा’ असं लिहून मोकळा झालो. ती पुस्तिका तशीच छापून गेली, आणि कंपनीतल्या बाईंनी फोन करून मला विचारलं की पोरांपासून म्हणजे नेमकं कोणापासून.

पण ल गेला की मराठीतला भूतकाळच जातो, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. ‘केलं’ लिहिता येत नाही, ‘गेलो’ लिहिता येत नाही, ‘चुकलो’ तर नाहीच नाही. पुस्तिकेत त्याने काही बिघडत नाही, तिथे सगळं दाबा, फिरवा, पुसून ठेवा एवढंच असतं. या पत्रात मला जे सांगायचंय ते मात्र सगळंच्या सगळं भूतकाळातलं आहे. शिवाय वेळ, काळजी आणि डोळे यांपैकी एकही शब्द त्या यंत्रावर उमटत नाही, म्हणून पेन हातात घेतलं.

आता मामी, पुढचा परिच्छेद तू कृपा करून वाचू नकोस.

(हे लिहून झाल्यावर लक्षात आलं की तू वाचला नाहीस तर मामांना तो कळणार कसा. शिवणकामवाल्या बाईंकडून वाचून घ्यावा, तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला पाठ होईल. मग सांकेतिक भाषेत लिहून पाहिलं, ‘त्या चौकोनांच्या गठ्ठ्याचं असं झालं’ वगैरे. पण जिने चाळीस वर्षं साप्ताहिकात शब्दकोडी रचली तिच्यापुढे माझे संकेत किती टिकणार? तू पहिल्या ओळीतच ओळखशील आणि वर माझ्या चुका काढशील.) तेव्हा मामा, माफ करा, गुपित फोडतो. मागच्या पत्रात तुम्ही मामीकडून लिहवून घेतलंत, ‘त्या गोष्टीचं आता राहू दे.’ खाली मामीने स्वतःहून कंस टाकला होता, ‘कसली गोष्ट ते हे सांगत नाहीत.’ मामी, ती गोष्ट म्हणजे तुझं पुस्तक.

तीन वर्षांपूर्वी मामा तुझ्या साप्ताहिकाच्या छापखान्यातून निवृत्त होऊन घरी कंटाळले होते आणि मी त्यांना म्हणालो होतो की मी नवा लॅपटॉप घेतोय, जुना तुम्हाला देऊन टाकतो. मी आपलं बोलायचं म्हणून बोललो. मामांनी मात्र आठ दिवसांत एक गठ्ठा पाठवला. तुझी दोनशे बारा कोडी, जुन्या अंकांतून शोधून, प्रत्येक चौकोन पट्टीने आखून, स्वच्छ अक्षरात उतरवलेली. सोबत चिठ्ठी होती की हिच्या सत्तराव्या वाढदिवसाला याचं पुस्तक करायचंय, जुळणी मीच करणार, अक्षरांचे खिळे गेले पण हात आहेत. मशीनवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं असं ऐकलंय, डोळे हल्ली कुरकुर करतात, तेव्हा बरं पडेल. गठ्ठा घरात ठेवला तर ही झाडलोट करताना शोधून काढेल, म्हणून तुझ्याकडे ठेव आणि मशीनबरोबर परत पाठव. वाढदिवसाला तेव्हा सोळा महिने होते. मी गठ्ठा टेबलाच्या खालच्या खणात ठेवला. त्याची गाठसुद्धा सोडली नाही.

त्याच आठवड्यात मी दुकानात गेलो होतो, हे देवाशपथ खरं आहे. दुकानदाराचं नाव मला अजून माहीत नाही, आम्ही दोघं एकमेकांना ‘साहेब’ म्हणतो. साहेब सज्जन माणूस. म्हणाले, दोन महिने थांबा, नवं येतंय. थांबलो. नवं आलं. तेव्हा कंपनीच्या दुरुस्ती विभागात एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे ज्योतिषी म्हणतात (कुठला लॅपटॉप कधी निघणार आणि त्याच्या पोटात काय असणार हे ते स्वतः त्याला जन्म दिल्यासारखं सांगतात), त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं की पहिली खेप कधीच घेऊ नये, ती तापते. थांबलो. दुसरी खेप आली. तेव्हा असं कळलं की तिसरी आली की दुसरीची किंमत उतरते. हेही पटलं. मी भिंतीवर एक तक्ताच लावला, कुठला कधी येणार, कुठला कधी उतरणार, आपण नेमकं कुठे उडी मारायची. सौ.ने त्यावर लाल पेनने ‘विनंती थांबा’ असं शीर्षक घातलं. फरक एवढाच, ती म्हणाली, की तिथे बस थांबते आणि इथे माणूस.

एकदा तर खोकं हातात होतं, मामा. किंमत उतरलेली, खेप तिसरी, पैसे भरायच्या खिडकीसमोर माझा नंबर लागलेला. मी सहज विचारलं, सगळ्यात नवा हाच ना? साहेबांनी कान खाजवला. नुसता कान खाजवला, आणि मी खोकं जागेवर नेऊन ठेवलं. त्या कानापायी आठ महिने गेले. माझ्या मागे एक बाई होत्या. त्यांनी मी ठेवलेलं तेच खोकं उचललं, याच्याबरोबर पिशवी मिळते का एवढं विचारलं आणि पाच मिनिटांत रस्त्याला लागल्या. मी त्यांना मनातल्या मनात अडाणी म्हणालो. एव्हाना त्या बाईंनी त्या मशीनवर काय काय करून टाकलं असेल.

या सगळ्यात मामीचा सत्तरावा वाढदिवस येऊन गेला. मी फोनवर शुभेच्छा दिल्या. मामांनी फोन घेऊन तब्येतीचं विचारलं, पावसाचं विचारलं, आणि दुसरं काही विचारलं नाही. तुमच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी मात्र एक ओळ असायची, ‘तुझं आलं का?’ आणि मी उत्तरात लिहायचो, ‘येतंय.’ तुम्ही एकदाही रागावला नाहीत. चांगलं खडसावलं असतं, कान उपटला असता, तर बरं झालं असतं.

मग गेल्या थंडीत तुमचं ते पत्र आलं. त्यातल्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या. ज्या माणसाने छापखान्यात उभं आयुष्य एक ओळ केसभर इकडची तिकडे होऊ दिली नाही, त्याच्या ओळी उताराला लागल्यासारख्या कागदाच्या कोपऱ्यात जाऊन जमल्या होत्या. मला वाटलं, गाडीत बसून लिहिलं असेल. सौ.ने पत्र खिडकीपाशी नेलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, मामांना दिसत नाहीये. मी म्हणालो, छे! त्या एका ‘छे’मध्ये माझे आणखी चार महिने गेले. त्यानंतरचं पत्र मामीच्या अक्षरात होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की मधलं आता दिसणार नाही, कडेचं तेवढं राहील, आणि मामी, तू पुढे लिहिलं होतंस, ‘हे म्हणतात, समास दिसतो, मजकूर दिसत नाही.’

ते वाचून मी जेवायच्या ताटावरून उठलो. मामा, तुमच्याकडे तीन वर्षं होती आणि ती मी खर्च केली. आणि कशासाठी? मला दाबा, फिरवा, पुसून ठेवा एवढंच लिहायचं असतं, त्याला कुठलंही डबडं पुरलं असतं. पहिल्या दिवशी डोळे मिटून कुठल्याही खोक्यावर बोट ठेवलं असतं आणि जुनं तुमच्याकडे धाडलं असतं, तर पुस्तक कधीच झालं असतं. तुम्ही स्वतः जुळवलेलं, स्वतः तपासलेलं. मला फार वाईट वाटतंय. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

गेल्या सोमवारी दुकानात गेलो आणि साहेबांना पहिल्यांदाच ल ची तक्रार सांगितली. त्यांनी मागच्या कपाटातून बाहेरून जोडायचा एक साधा कीबोर्ड काढला, वायर खोचली, आणि ल उमटला. पाठोपाठ ळ. दोन मिनिटांचं काम, आणि किंमत चपलेच्या जोडापेक्षा कमी. आम्ही दोघं बराच वेळ त्या ल कडे बघत उभे होतो. घरी येऊन खालचा खण उघडला, गाठ सोडली आणि टंकायला बसलो. आजपर्यंत एकतीस कोडी झाली. पहिल्यात मी एक काळा चौकोन विसरलो, त्यामुळे आडवा सात सरळ आडव्या आठच्या घरात शिरला आणि सौ. अर्धा तास असा शब्द शोधत बसली जो कुठल्याच भाषेत नाही. पण हात बसतोय. उरलेली एकशे एक्याऐंशी मी पूर्ण करणार, यात आता कुणाचाही कान आडवा येणार नाही. मामी, एकाहत्तरावा गेला, बहात्तराव्याला पुस्तक तुझ्या हातात असेल. मामांना त्यातलं फक्त कडेकडेचं दिसेल, तेव्हा समास तरी मी प्रशस्त ठेवीन.

शिडीचं तेवढं विसरू नका. सौ.चा दोघांना नमस्कार.

तुमचा, उशिरा का होईना,
भाचा

ता. क. खरं म्हणजे पत्र याचसाठी लिहिलं, पण वर कुठे घालायचं ते सुचेना. येत्या शनिवारी मी तुमच्याकडे येतोय, तीन आठवड्यांसाठी, मशीन आणि गठ्ठा घेऊन. खोली नको, जिन्याखालची जागा चालेल, टेबल मात्र डुगडुगणारं नको. मामीने वाचायचं, मी टंकायचं आणि मामांनी शेजारी बसून माझ्या चुका काढायच्या. मजकूर दिसत नसला तरी ओळ वाकडी गेली तर तुम्हाला खुर्चीतल्या खुर्चीत कळेल याची मला खात्री आहे. नाही म्हणू नका.

ता. क. दोन. पाकीट चिकटवणार तोच साहेबांचा फोन आला. मोठ्या पडद्याचं, हलकं, अजिबात न तापणारं मशीन दोन महिन्यांत येतंय. मी बाणेदारपणे सांगितलं, साहेब, माझा नंबर खोडून टाका. (तारीख तेवढी विचारून ठेवली.)

ता. क. तीन. गठ्ठ्याच्या पहिल्या पानावर कोडं नाही, मामांनी पुस्तकाच्या सुरुवातीला छापण्यासाठी लिहिलेला मजकूर आहे. मी तो सोमवारी गाठ सोडल्यावर पहिल्यांदा वाचला. मामा, तुम्ही छापायलाच लिहिला होतात, तेव्हा हे गुपित मी फोडलं असं म्हणता येणार नाही. मामी, जसाच्या तसा उतरवतो, आवाज न चोरता वाच.

‘हिचं कोडं मी दर आठवड्याला चहा निवायच्या आत सोडवायचो, म्हणून ही मला फार हुशार समजते. लग्नालाही त्याचमुळे हो म्हणाली. कोड्याचं पान दुसरा माणूस जुळवतो असं मी हिला सांगितलं होतं. तसा दुसरा माणूस छापखान्यात कधीच नव्हता. कोड्याचा चौकोन मीच जुळवायचो आणि उत्तराचाही. येत्या अंकानंतर सांगू, त्याच्या पुढच्या अंकानंतर सांगू, असं म्हणता म्हणता चाळीस वर्षं गेली. आता हिच्याच पुस्तकात सांगतो. मला यातलं एकही कोडं सुटलेलं नाही.’

हे पान ठेवायचं की गाळायचं, ते दोघांनी ठरवून मामीच्या अक्षरात कळवा.