विरळ म्हणजे किती?

तीर्थरूप आईस, लेकीचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. इथे वृद्धाश्रमातल्या नोकरीत मी रोज आजी-आजोबांच्या तब्येतीचा तक्ता भरते. चक्कर किती वेळा येते? ऑफन, समटाइम्स, की रेअरली? परवा एका आजोबांच्या नावापुढे मी रेअरली, म्हणजे क्वचित, लिहिलं, म्हणून डॉक्टर आलेच नाहीत. काल आजोबा जिन्यात पडले. अजून शुद्धीवर नाहीत.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, या रेअरचा मूळ अर्थ विरळ. विरळ कापड कसं फाटतं, हे जन्मभर शिवणकाम केलेल्या तुला मी काय सांगू?

बाबांना चक्कर ‘क्वचित’ येते, असं तू लिहितेस. माझ्या जिवाला घोर नको म्हणूनच ना? आजोबांची लेक परगावी असते, तक्ता तिलाही जातो. तिला घोर नको म्हणून मीही तसंच लिहिलं होतं.

तुला माझी शपथ आहे. आकडा लिही.

तुझी,
थोरली